अकरा जण, तीन पिढ्या, समुद्रकाठचे बंगले: 'सगळं धरून' पॅकेज घेताना काय काय विचारायचं?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरचे सगळे मिळून तीन रात्री समुद्रकाठी जायचं ठरतंय. एकूण ११ जण आहोत: सासू-सासरे (७४ आणि ७९; सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय), तीन जोडपी, आणि मुलं १३, ८ व ३ वर्षांची. आम्ही सांगलीहून निघणार, धाकटे दीर-जाऊ साताऱ्याहून परस्पर येणार.

हॉटेलचा मजला नकोय. पडवी-अंगण असलेले बंगले हवेत, शक्यतो शेजारी शेजारी. चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण सगळ्याचे पैसे एकदाच भरून मोकळं व्हायचंय. रोज 'आता कुठं जेवायचं' हा विषय नको. स्थळदर्शनाची धावपळ नाही. मोठ्यांनी निवांत बसायचं, मुलांनी वाळूत खेळायचं, एवढंच.

आत्तापर्यंत चार ठिकाणी फोन झाले. एक माणशी भाव सांगतो, एक बंगल्याचा, तिसरा म्हणतो जेवण धरलंय पण मासे वेगळे, चौथा म्हणतो 'या तर, बघू'. तुलनाच करता येईना. गणपतीपुळे, गुहागर आणि तारकर्ली अशी तीन नावं डोक्यात आहेत. भाव कसे ताडून बघायचे, बंगल्यात काय बघायचं आणि आमच्यासारख्या लवाजम्याला कुठली बाजू बरी, ते सांगा.

कोयनाकाठ

ताई, चौघांनी चार वेगळ्या गोष्टींचे भाव दिलेत, म्हणून ताळमेळ लागत नाहीये. आधी प्रत्येकाकडून प्लॅनचं नाव काढून घ्या. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये याच्यावर दिवसभराची पेयं, मधलं खाणं आणि काही खेळ येतात. कोकणात 'सगळं धरून' म्हणतात ते बहुतेक ठिकाणी एपी अधिक संध्याकाळचा चहा-भजी एवढंच असतं, आणि तुमच्या गरजेला तेच पुरेसं आहे. खरं ऑल इन्क्लुझिव्ह दक्षिण गोव्यातल्या काही रिसॉर्टांत मिळतं, पण त्या भावात दारू धरलेली असते. अकरातले दोघं-तिघंच घेणार असतील तर बाकीच्यांचे पैसे उगाच जातात.

आता जेवणांची मोजणी. इथंच लोक फसतात. एपीत तीन रात्री म्हणजे तीन दुपारची जेवणं, तीन रात्रीची आणि तीन नाश्ते. मोजणी पहिल्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापासून सुरू होते आणि निघायच्या दिवशीच्या नाश्त्याला संपते. तुम्ही दुपारी चारला पोचलात तर अकरा जणांची एक वेळ बुडाली, आणि ती परत मिळत नाही. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारायचं: 'पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण चुकलं तर निघायच्या दिवशी देणार का?' आधी विचारलं तर बरेच जण कबूल होतात. तिथं गेल्यावर विचारलं तर होत नाहीत.

चेक-इन कुठं १२ला, कुठं १ला, कुठं २ला असतं. चेक-आऊट १० किंवा ११. तीन वर्षांचं मूल आणि ७९ वर्षांचे आजोबा सोबत असताना खोली तयार नाही म्हणून दीड तास अंगणात बसणं जड जातं. लवकर पोचणार असाल तर निदान एक बंगला आधी उघडून द्यायचं कबूल करून घ्या.

मुलांचं वय हाही भावाचाच भाग आहे. सर्वसाधारण पद्धत अशी की ५ वर्षांखालचं मूल फुकट, ५ ते १२ अर्धा दर, १२च्या वर पूर्ण. तुमचा तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे मोठा माणूसच, त्याला वेगळी गादी आणि पूर्ण थाळी. पण 'फुकट' मुलाला वेगळी गादी मिळत नाही, हे लक्षात ठेवा. वयाच्या पुराव्याला आधार मागतात.

फोनवर बोलून झालं की सगळ्यांना हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, उत्तरं लेखी येतील आणि शेजारी शेजारी ठेवता येतील:

'मोठे ८, मुलं १३, ८ व ३ वर्षांची. ३ रात्री, अमुक तारखेला दुपारी १२ला येणार, अमुक तारखेला सकाळी १०ला निघणार. एकूण किती बंगले व किती पलंग देणार, जमिनीवरच्या गाद्या किती? नाश्ता, दोन्ही जेवणं, दोन वेळचा चहा, पिण्याचं पाणी धरलंय का? मासे भावात आहेत का, असल्यास माणशी किती तुकडे व कुठला मासा? मुलांचा दर किती? जीएसटी धरून एकूण रक्कम किती? रद्द केल्यास परतावा किती?'

एकूण रकमेला अकराने न भागता साडेनऊने भागा (आठ मोठे, तेरा वर्षांचा एक पूर्ण, आठ वर्षांचा अर्धा, तीन वर्षांचा शून्य). मग जो माणशी आकडा येईल तो खरा भाव.

जांभा_चिरा

भावाचं वर आलंय, मी बंगल्याचं सांगतो.

'फॅमिली बंगला' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात. एक, दोन बेडरूम, मधे हॉल, दोन संडास-बाथरूम असा स्वतंत्र बंगला. दोन, एकाच पडवीवर उघडणाऱ्या दोन खोल्या. तीन, एकच मोठी खोली, त्यात दोन डबलबेड. तिसऱ्या प्रकारात दोन जोडपी किंवा सासू-सासरे आणि सून-मुलगा असं राहणं कुणालाच सुखाचं होत नाही. वेबसाईटवरचे फोटो बघून हे कळत नाही. पडवीतून आत शिरून बाथरूमपर्यंत चालत काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ मागा. नाही पाठवला तर पुढं जा.

११ जणांना दोन बेडरूमचे दोन बंगले आणि लागून एक खोली असा हिशेब बसतो. सासू-सासऱ्यांना जेवणाच्या हॉलजवळचा बंगला घ्या, समुद्राजवळचा नव्हे. समुद्रावर दिवसातून एकदा जाणं होतं, हॉलकडे चार वेळा. आणि ही वाट कसली आहे ते विचारा: फरशी, जांभ्याची पायवाट की नुसती वाळू? वाळूत काठी रुतते, गुडघेदुखीच्या माणसाला पन्नास पावलंसुद्धा नको होतात.

कोकणात जोतं उंच असतं. पडवीला तीन-चार पायऱ्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. सावलीतल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, दव पडल्यावर सकाळी ती पायरी निसरडी होते. पायऱ्या किती, कठडा आहे का, कमोड आहे का, बाथरूमचा उंबरा किती उंच, हे चार प्रश्न सासूबाईंसाठी विचाराच. प्लास्टिकची एक मजबूत खुर्ची बाथरूममध्ये ठेवायला मागा, देतात.

आता गरम पाणी. याकडे कुणी बघत नाही आणि सकाळी बोंब होते. पाच-सहा जणांच्या बंगल्यात एका बाथरूमला बहुधा १५ लिटरचा गीझर असतो. ६० अंशांचं १५ लिटर पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं की अंघोळीजोगं ३५ लिटरच्या आसपास होतं, म्हणजे दोन बादल्या. पुढच्या दोन बादल्या तापायला २,००० वॅटच्या गीझरला साधारण २० मिनिटं लागतात. एकाच बाथरूमवर सहा जण असतील तर तासभर धरा, आणि नाश्ता साडेनऊ-दहाला बंद होतो. बादलीनं अंघोळ केली तरच हा हिशेब. शॉवर सोडून उभं राहिलं तर एका माणसातच गीझर रिकामा. ३ लिटरचा इन्स्टंट असेल तर नळ बारीक ठेवून बादली भरायची, पूर्ण सोडला की कोमटच येतं. सोलर असेल तर गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच मिळतं, ती वेळ विचारून घ्या. आणि प्रत्येक बेडरूमला वेगळं बाथरूम असलेला बंगला थोडा महाग पडला तरी घ्या.

पाण्याची चव आणि फेस: किनाऱ्याजवळच्या विहिरी-बोअर मचूळ असतात. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. पिण्याला २० लिटरचे जार भावात आहेत की बाटल्यांचे पैसे वेगळे, ते विचारा. अकरा जणांच्या बाटल्यांचं तीन दिवसांचं बिल बघण्यासारखं होतं.

डिसेंबरात रात्री एसीची फारशी गरज पडत नाही, पंखा पुरतो. भावात मोठा फरक असेल तर मुलांच्या खोलीला बिनएसी चालेल. एसी घेतलाच तर पोचल्या पोचल्या सुरू करून पंधरा मिनिटांनी गार हवा येते का बघा. खाऱ्या वाऱ्यानं बाहेरच्या युनिटची जाळी गंजते, मग एसी चालतो पण गार करत नाही. तक्रार दुपारी केली तर बंगला बदलून मिळतो, रात्री अकराला कोण देणार? वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, गीझर-एसी नाही.

आणखी एक. गाडी किंवा आजोबांची आरामखुर्ची नारळाखाली ठेवू नका. झावळी पडते तेव्हा आवाज आधी येत नाही.

घाटमाथा_४१५

रस्त्याचं थोडक्यात.

गणपतीपुळे: सांगली, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, तिथून उत्तरेला निवळी फाटा आणि जाकादेवीमार्गे पुळे. दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. चौपदरीकरणाची कामं जिथं चालू असतील तिथं वेळ जातो. म्हातारी माणसं आणि लहान मूल धरून साडेपाच-सहा तास ठेवा.

गुहागर: सांगली, इस्लामपूर, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. हे २२०च्या आसपास. साताऱ्याहून उंब्रजला आत वळून मल्हारपेठ, पुढं पाटण हाच रस्ता, साधारण १७० किलोमीटर. म्हणजे दोन्ही गाड्या पाटणला भेटून पुढं बरोबर जाऊ शकतात. हा मोठा फायदा आहे.

तारकर्ली: कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. सांगलीकरांना ठीक, साताऱ्याच्या जोडप्याला फार लांब पडतं.

रेल्वेचा विचार करू नका, मिरजेहून कोकणात उतरणारी थेट लाईन नाही.

घाट लागायच्या आधी तासभर गाडीत काही जड खायचं नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाजूला बसून लांब बघायचं, मोबाईल बंद. उलटीची गोळी घ्यायची तर घाटाच्या तासभर आधी; घाटात घेऊन उपयोग नसतो. तीन वर्षांच्या मुलाला मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि अंधारात घाट उतरायचा नाही. सकाळी साडेपाच-सहाला निघा, दुपारच्या जेवणाला पोचता. म्हणजे वरचं बुडणारं जेवणही वाचलं.

भरती_ओहोटी

तीनही ठिकाणांत समुद्र वेगळा आहे, आणि मुलं असताना तो सगळ्यात आधी बघावा.

गणपतीपुळ्याला देऊळ, समुद्र आणि राहणं सगळं एका जागी आहे. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान थेट किनाऱ्यावर आहे, कोकणी घरांसारख्या खोल्याही तिथं आहेत. पण समुद्र पोहण्याचा नाही. वाळूला उतार जास्त, चार पावलांत पाणी कमरेला लागतं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. तिथं दरवर्षी माणसं बुडतात आणि म्हणूनच सूचनांचे फलक लावलेत. जवळच आरे-वारेला नजारा सुंदर आहे, पण तिथंही पाण्यात उतरायचं नाही. तुमची मुलं पाण्यात जाणारच असतील तर गुहागर बाजू किंवा तारकर्ली बघा. तिथंही 'सुरक्षित समुद्र' असं काही नसतं, फक्त धोका कमी असतो.

कृष्णेत पोहायला शिकलेल्यांना एक सांगणं. नदीचा प्रवाह एका दिशेनं असतो आणि तो डोळ्याला दिसतो. समुद्रात किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून ओढीनं बाहेर जातं. तो पट्टा ओळखायचा कसा? दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस दिसतो आणि मधेच वीस-तीस फुटांची जागा शांत, गडद दिसते. नवख्या माणसाला तीच जागा मुलांना खेळायला बरी वाटते, आणि ओढ तिथंच असते. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दमून बुडायला होतं. किनाऱ्याला समांतर हात मारत पट्ट्याबाहेर या, मग लाटेबरोबर आत या. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करा. किनाऱ्यावरच्यांनी मागं उडी मारायची नाही; दोर, बॉल, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेकायचं. एकाच्या मागं दोघं-तिघं गेलेल्या बातम्या अशाच असतात.

भरती-ओहोटीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे: तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण बरोबर सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा, रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण बेत आखायला पुरे.

पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना. ओहोटी लागली की बाहेर. आता हे तुमच्या सहलीला लावून बघा. पौर्णिमेच्या आसपास भरती सव्वाअकराला भरणार, म्हणजे पाण्यात जायची वेळ सकाळी आठ ते दहा, आणि संध्याकाळी ओहोटी. त्यात उधाण असल्यानं पाण्याला जोरही जास्त. अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाची भरती असते, जोर कमी, आणि पाणी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा चढत असतं. साडेतीन ते साडेपाच ही मुलांना पाण्यात खेळवायची उत्तम वेळ मिळते. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. तारीख अजून पक्की नसेल तर कालनिर्णय उघडा आणि सप्तमी ते दशमीतले दिवस धरा. सुट्टीच्या सोयीनं तारीख हलवतोच ना, तशी तिथीच्या सोयीनंही हलवा.

तीन वर्षांच्याला घोट्यापर्यंत पाणी, आठ वर्षांच्याला गुडघ्यापर्यंत, आणि दर वेळी एकाच मोठ्या माणसावर मुलांची जबाबदारी. 'सगळेच बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नसतं.

निळसर फुग्यासारखा जीव वाळूवर दिसला तर मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही. डसला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं काढा, वाळूनं चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. श्वास लागला किंवा अंगभर चट्टे उठले तर थेट दवाखाना.

आणि कृपा करून गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीला वाळू रस्त्यासारखी घट्ट दिसते, थांबलात की चाकं बसतात, आणि तासाभरात पाणी येतं. पोलीस गुन्हाही नोंदवतात.

विश्रामबाग_सांगली

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. पाटणला भेटता येतं म्हणून गुहागर बाजूच ठरतेय. अष्टमीचंही घरात वाचून दाखवलं, तारीख दोन-तीन दिवस मागंपुढं होऊ शकते.

दोन गोष्टी राहिल्या. मार्गशीर्ष असेल, सासूबाई पूर्ण शाकाहारी आणि गुरुवारी उपवास करतात. बाकी मंडळी मासे खाणारी. एकाच ठिकाणी हे कसं जमवायचं? आणि अ‍ॅडव्हान्स ५० टक्के मागताहेत, तो भरताना काय बघू?

तिरफळ

ताई, मार्गशीर्षात पुष्कळ घरं मांसमच्छी खात नाहीत, त्यामुळे रिसॉर्टवाल्यांना हे नवं नाही. वेगळा तवा आणि वेगळं तेल वापरतात का, एवढं स्पष्ट विचारा. 'शाकाहारी मिळेल' या उत्तरात ते येत नाही. मासे तळलेल्या तेलात कांदाभजी तळली की सासूबाईंना पहिल्या घासाला कळणार. गुरुवारच्या उपवासाचं आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, कारण साबुदाणा भिजवावा लागतो. वरीचे तांदूळ आणि दाण्याचं कूट घरून नेलंत तर स्वयंपाकघरातल्या मावशी आनंदानं करून देतात. संध्याकाळी उपवास सोडताना जेवण सातलाच लागेल, त्यांचं रात्रीचं जेवण आठ-साडेआठला सुरू होतं, तेही सांगून ठेवा.

माशांच्या बाबतीत 'थाळीत मासा आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा असा: एक तळलेला तुकडा, वाटीभर कालवण, भात-पोळी-सोलकढी हवी तेवढी. तुकडा सुरमईचा की बांगड्याचा यावर भाव अर्ध्यानं बदलतो. पापलेट आणि मोठी कोळंबी पॅकेजात क्वचितच असते. माझं मत असं की तीनही दिवस दोन्ही वेळा मासे भावात घेऊ नका. दुपारी साधी शाकाहारी थाळी, रात्री मासे असा करार करा. आणि एके दिवशी सकाळी जे ताजं आलं असेल ते वेगळे पैसे देऊन करून घ्या. त्यासाठी सकाळी आठच्या आत आचाऱ्याला गाठायचं. ताजा मासा ओळखायला कल्ला उघडून बघा: लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा वर आलेला, दाबलं तर मांस परत वर येणारं.

आपल्याकडची भाकरी तिथं मिळत नाही, तांदळाची मिळते. ती गरम असेपर्यंतच मऊ. आजोबांना ज्वारीचीच लागत असेल तर दोन किलो पीठ न्या आणि थापायला येतं का विचारा. बऱ्याच ठिकाणी येत नाही, मग घरातल्या कुणाला तरी चुलीपाशी जावं लागेल. तिखटाचं उलटं आहे: खोबऱ्याचं वाटण असल्यानं सांगलीच्या जिभेला ते सौम्य लागतं, चटणीची पुडी सोबत असू द्या. मुलाला वरण-भात-तूप रोज वेगळं सांगावं लागतं, नाहीतर आमटीतही मिरची असते. उकडीचे मोदक आदल्या दिवशी नगावर सांगायचे.

सोलकढी दुपारची रात्री पिऊ नका. नारळाचं दूध कच्चं असतं, चार-पाच तासांत फिरतं.

खतावणी

अ‍ॅडव्हान्स आणि कर यावर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. दर प्रत्येक खोलीच्या भावावर ठरतो. बंगल्याच्या ग्राहकानं हे नीट बघावं. समजा दोन बेडरूमचा बंगला एक नग म्हणून रात्रीला १४,००० ला आहे: कर २,५२०. त्याच रिसॉर्टात ७,००० च्या दोन वेगळ्या खोल्या घेतल्या तर दोन्हींचा मिळून कर ७००. एका रात्रीत १,८२० रुपयांचा फरक, तीन रात्रींचा ५,४६०, आणि तुमचे बंगले दोन. एकाच पडवीच्या दोन खोल्या असतील तर ते खोल्या म्हणून विकतात की बंगला म्हणून, हे विचारण्यात पैसे आहेत. जेवणासकट एकच आकडा सांगत असतील तर त्यात राहण्याचे किती आणि जेवणाचे किती ते कोटेशनमध्ये वेगळं लिहून मागा. 'बिल नको असेल तर कर नाही' असं म्हणणाऱ्याकडे ५० टक्के आगाऊ भरू नका. उद्या वाद झाला तर हातात कागद नसतो.

खोट्या वेबसाईटी फार झाल्यात. खऱ्या रिसॉर्टचे फोटो, नंबर मात्र भामट्याचा. पैसे भरण्याआधी जीएसटी क्रमांक मागून जीएसटीच्या पोर्टलवर टाका, नाव-पत्ता जुळतो का बघा. यूपीआयवर येणारं नाव रिसॉर्टचं किंवा मालकाचं आहे का ते बघा. नकाशावरचा नंबर आणि तुम्हाला फोन आलेला नंबर वेगळा असेल तर नकाशावरच्या नंबराला उलट फोन लावा. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर आवार दाखवायला सांगा. फसवणूक झालीच तर पहिल्या तासात १९३० ला फोन, मग बँक.

५० टक्के ही वाजवी मागणी आहे, पण तुमच्याबरोबर ७९ वर्षांचे गृहस्थ आहेत, ऐनवेळी तारीख हलू शकते. पैसे परत मिळण्यापेक्षा 'तारीख बदलून मिळेल, सहा महिने चालेल' हे लेखी मिळवणं सोपं असतं, ते मिळवा. नाताळ ते एक जानेवारीच्या आठवड्याचे दर वेगळे असतात; बदललेली तारीख त्यात पडली तर फरक भरावा लागेल.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं असेल तर काढायला सांगता येतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तशाच आहेत.

घाटमाथा_४१५

टेंपो ट्रॅव्हलर ठरवणार असाल तर ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवणाचं आत्ताच विचारा. काही ठिकाणी वेगळी खोली असते, काही ठिकाणी 'गाडीत झोपेल' म्हणतात. परतीचा कुंभार्ली त्यालाच चढायचाय, त्याला पलंग आणि पंखा मिळालाच पाहिजे. त्याच्या जेवणाचे पैसे पॅकेजात धरले की नाही तेही त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात घाला.

आजोबांसाठी: गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, पण हृदयाचं काही असलं तर चिपळूण किंवा सावर्ड्याजवळचं डेरवणचं रुग्णालय गाठावं लागतं, रात्रीच्या रस्त्याला तास-सव्वा तास. म्हणून रिसॉर्ट गुहागर गावाच्या जवळचं घ्या, आडबाजूच्या वाडीतलं नको, आणि तिथं कुठल्या कंपनीची रेंज येते ते विचारा. डिस्चार्ज कार्डाचा आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गोळ्या पाच दिवसांच्या न्या आणि अर्ध्या दुसऱ्या गाडीतल्या बॅगेत टाका.